काठोकाठ

आमचं जाम हे गाव समुद्रपूर तालुक्यात येतं. तालुक्याचं नाव ऐकून कोकणातल्या माणसांना आपण शेजारी आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात आमच्या तालुक्यातला समुद्र फक्त सरकारी शिक्क्यावर आहे. खरा समुद्र पाहायचा तर साताठशे किलोमीटर जावं लागतं आणि तेवढी रजा आमच्या शाखेत एका वेळी मिळत नाही. जामची ख्याती पाण्यासाठी नाही, रस्त्यांसाठी आहे. नागपूरहून येणारा रस्ता इथे दुभंगतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. त्यामुळे जामला उतरलेला माणूस जामला आलेला नसतोच, तो कुठेतरी निघालेला असतो. चौरस्त्यावर उभं राहिलं की दहा माणसं विचारतात, "चंद्रपूरची गाडी गेली का?" आजवर एकानेही "होडी गेली का?" असं विचारलेलं नाही.

अशा गावातल्या बी.कॉम. कारकुनाने होडीच्या काठांचा इतिहास लिहायला घ्यावा हे जरा अतीच आहे, हे मला मान्य आहे. पण त्याला कारण घडलं. कारणाचं नाव मेहुणा.

मार्चातला रविवार होता. मार्च महिन्यात बँकेच्या माणसाला रविवार मिळणं म्हणजे कपाशीला वेळेवर पाऊस मिळण्यासारखं आहे. मी ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत पसरलो होतो. फोन वाजला. घ्यायला म्हणून उजव्या हातावर भार देऊन उठलो, तो खुर्चीचा उजवा हात 'कट्' करून तुटला आणि मी वऱ्हांड्यात आडवा झालो. फोन मात्र उचलला. फोनवर मेहुणा होता. तो अमेरिकेत मिनेसोटाला असतो.

"भाऊजी, कशाचा आवाज झाला?"

"खुर्चीचा हात तुटला. प्लॅस्टिकचा होता."

"बघा! मी तेच सांगायला फोन केला. प्लॅस्टिकचं काही खरं नाही. मी माझ्या होडीचे प्लॅस्टिकचे काठ काढून लाकडी बसवतोय."

हा माणूस शुद्धीवर आहे ना, असं मला वाटलं. आमच्याकडे सगळं जग लाकडाकडून प्लॅस्टिककडे चाललेलं. पाट गेले, खुर्च्या आल्या. मी स्वतः न्हाणीघराचं जुनं सागवानी दार काढून तिथे प्लॅस्टिकचं दार बसवलं आणि आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ते उघडून दाखवलं. आणि हा हिंगणघाटचा पोरगा अमेरिकेत जाऊन उलट्या दिशेने निघालेला!

त्याच्याकडे एक 'कनू' आहे, हे मला ठाऊक होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते एखाद्या गुजराती खातेदाराचं नाव वाटलं होतं. कनू म्हणजे लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी होडी. ती वल्ह्याने चालवतात. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. १४९२ मध्ये कोलंबस भारत शोधायला म्हणून तिथे पोचला. भारत काही सापडला नाही, पण हा शब्द सापडला आणि स्पॅनिश भाषेमार्फत जगभर गेला. मेहुण्याची कनू साधीसुधी नाही. ती खडकांतून उसळत जाणाऱ्या, फेसाळत्या पाण्यात न्यायची. ज्या नदीत तो ती नेतो तिचं नाव 'केटल', म्हणजे चक्क किटली. जामच्या चौरस्त्यावर चहाची किटली पाहत वाढलेला मुलगा शेवटी किटलीतच गेला.

होडीच्या वरच्या कडेला इंग्रजीत एक शब्द आहे. लिहायचा 'गनवेल' आणि म्हणायचा 'गनल'. जुन्या युद्धनौकांवर तोफांचा भार पेलण्यासाठी कडेला जाड फळी मारत, त्या 'गन'वरून हे नाव आलं. पुढे तोफा गेल्या, नाव राहिलं. आमच्या शाखेतही 'टंकलेखन विभाग' अशी पाटी टंकयंत्रं गेल्यावर बरीच वर्षं टिकून होती. आपल्याकडे या सगळ्याला एक साधा शब्द आहे, काठ. नदीला काठ, ताटाला काठ, साडीला काठ.

मी फोन ठेवून ही बातमी सौभाग्यवतीला सांगितली. तिला यात काहीच नवल वाटलं नाही.

"त्यात काय एवढं? आईच्या जुन्या लुगड्याचे काठ काढून मी नव्या साडीला लावले नाहीत का?"

"अगं, तिथे काठ चांगले होते आणि लुगडं विरलं होतं. इथे होडी चांगली आहे आणि काठ गेलेत."

"मग नवे काठ लावायचे. काठ गेले म्हणून कोणी साडी टाकतं का?"

एका वाक्यात निकाल. मी बी.कॉम., ती बी.ए., पण मालमत्तेचं मूल्यांकन तिलाच जमतं.

तरी माझ्या मनात शंका राहिली की होडीला काठ लागतो कशाला? तिचं उत्तर अमेरिकेला विचारायची गरज नाही, बुरुडाला विचारावं. टोपली विणून झाली की तो वरती जाड कड घालतो आणि ती आवळून बांधतो. त्या कडेशिवाय टोपली म्हणजे नुसता बांबूचा पसारा. वरचं झाकण कापलेला रॉकेलचा डबा दोन्ही हातांनी दाबून पाहा, लगेच आत जातो. उघड्या तोंडाच्या कुठल्याही वस्तूचा जोर तिच्या काठात असतो. होडीचं तेच. पाणी बाहेरून दाबतं, माणसं आतून भार देतात आणि या दोघांच्या भांडणात मधे काठ उभा असतो. बँकेत साहेब आणि खातेदार यांच्यामध्ये कारकून असतो तसा.

उत्तर अमेरिकेतल्या मूळ लोकांना हे फार पूर्वीच उमगलं होतं. मिनेसोटाच्या भागातले ओजिब्वे लोक भूर्जाच्या जातीतल्या झाडाच्या सालीची कनू करत. आपल्याकडे भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या, त्यांनी तिकडे होडीच केली. ज्याचा त्याचा मोक्षाचा मार्ग! त्यांच्या कामाची गंमत अशी की बहुतेक ठिकाणी आधी काठांचा सांगाडा तयार होई आणि मग त्याच्या मापाने साल वळवली जाई. घर बांधताना आपण पाया आधी घालतो, ते काठ आधी करत. काठ सीडर नावाच्या हलक्या लाकडाचे, शिवण स्प्रूस झाडाच्या चिरलेल्या मुळ्यांची, आणि फटी बुजवायला त्याच झाडाचा डिंक. या सगळ्यात एक खिळा नाही. काही मोडलं तर दुरुस्तीचं दुकान म्हणजे समोरचं जंगल. तिथे लंच-टाइमही नसे.

पुढे फ्रेंच व्यापारी कातड्यांच्या व्यापारासाठी आले आणि त्यांनी हीच होडी वाढवून छत्तीस फुटांपर्यंत नेली. वाटेत नदी खडकांतून कोसळायला लागली की माल उतरायचा, होडी खांद्यावर घ्यायची आणि पायवाटेने पुढे जाऊन पुन्हा पाण्यात सोडायची. मालाचं एकेक गाठोडं नव्वद पौंडांचं, म्हणजे चाळीस किलोंच्या वर, आणि गडी एका खेपेला अशी दोन उचलत. हिंगणघाटच्या कापूसबाजारातल्या हमालांना हे सांगितलं तर ते म्हणतील, "मग त्यात काय?" पण होडीही आपणच उचलायची, हे त्यांनाही जड जाईल.

हिंगणघाटचा कापूस निघालाच आहे तर आमच्याही पाण्याची एक गोष्ट सांगून टाकतो. नाहीतर वाचक म्हणायचे, समुद्रपूर तालुक्यातला माणूस सगळा वेळ अमेरिकेतच पोहत बसला. हिंगणघाटवरून जाणारी आमची वणा नदी वर्धेला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते आणि तिची प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे समुद्रपूरचा समुद्राशी संबंध आहे, फक्त तो बदली होत होत, चार शाखांमधून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांच्या डोक्यात आलं की नागपूर-वऱ्हाडचा कापूस याच जलमार्गाने समुद्रापर्यंत न्यावा. या योजनेमागच्या इंजिनिअरचं नाव सर आर्थर कॉटन. कापूस नेणाऱ्याचं नावच कापूस! एवढा योग्य माणूस योग्य खुर्चीवर आमच्या बँकेत आजवर बसलेला नाही.

अडचण होती ती फेसाळत्या पाण्याचीच. गोदावरीवर दोन आणि प्राणहितेवर अहेरीकडे एक, असे खडकांचे तीन मोठे अडथळे. कॅनडातल्या गड्यांनी असल्या जागी होडी खांद्यावर घेतली असती. साहेबाने खडकांना वळसा घालणारे कालवे काढायला घेतले. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा योजनेला भलताच जोर चढला. पण युद्ध संपलं, भाव उतरले, १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये नदीची योजना गुंडाळली गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर कर्ज बुडीत खात्यात गेलं. नाहीतर आज चौरस्त्यावर माणसं "काकिनाड्याची होडी गेली का?" असं विचारत असती.

असो. होडीच्या काठाकडे परत येऊ.

अमेरिकेतही भूर्जाची साल मागे पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर कॅनव्हास ताणलेल्या होड्या आल्या. काठ मात्र लाकडीच राहिले. मग १९४४ मध्ये ग्रमन या विमानांच्या कंपनीतले एक अधिकारी, विल्यम हॉफमन, सुट्टीवर गेले असता भिजून जड झालेली अशी होडी वाहून वाहून दमले. त्यांना वाटलं, आपण आरमाराला ॲल्युमिनियमची विमानं देतो, मग होडी का नको? युद्ध संपत आलं होतं, कारखान्याला काम हवंच होतं. १९४५ पासून ॲल्युमिनियमची होडी निघाली. याच कंपनीने पुढे चंद्रावर उतरणारं यान बनवलं. म्हणजे सुट्टीवर गेलेला अधिकारी कामाचं काहीतरी घेऊन परत येतो, असं एक तरी उदाहरण इतिहासात आहे. आमच्या साहेबांना दाखवायला मी ते लिहून ठेवलंय.

ॲल्युमिनियमला पोचे येत, शिवाय ते खडकावर चिकटून बसे. मग आलं प्लॅस्टिक. 'रॉयलेक्स' नावाचा एक थरांचा पदार्थ निघाला. मधे फेस, दोन्ही बाजूंना कडक प्लॅस्टिक आणि वरून व्हिनाइलची साय. थोडक्यात, रासायनिक सँडविच. १९७० नंतरच्या वर्षांत फेसाळत्या पाण्यातल्या लोकांना त्याने वेड लावलं. होडी खडकावर आपटून दुमडली तरी ओढून काढली की पुष्कळदा पुन्हा मूळ आकाराला येई. एवढं लवचीक शरीर आमच्या खात्यात फक्त बढतीच्या वर्षी दिसतं. या होड्यांना काठही प्लॅस्टिकचेच बसवत, आतून ॲल्युमिनियमची पट्टी घातलेले. स्वस्त, झटपट, तेलपाणी नको.

आणि २०१४ मध्ये हा पदार्थ निघायचाच बंद झाला.

मेहुण्याने सेकंडहँड घेतलेली होडी ही त्या बंद पडलेल्या घराण्यातली. अंग अजून ठणठणीत आहे. पण एका खडकावर आपटून काठ पिचले, आतली पट्टी वाकली. प्लॅस्टिकच्या काठाचा स्वभाव असा की तो एका जागी मोडला की सगळाच गेला. वाकलेली पट्टी सरळ होत नाही, तुटका तुकडा जोडता येत नाही. लाकडाचं तसं नाही. ते मोडतं तेही समजूतदारपणे मोडतं. मोडला तेवढा भाग कापायचा, नवा तुकडा सांधायचा, तासून एकजीव करायचा.

"पण हे तुला येतं का?" मी विचारलं.

पलीकडे शांतता. मग हळूच आवाज आला, "भाऊजी, बाबांना विचाराल का?"

आता इथे थांबून थोडं घरातलं सांगणं भाग आहे. त्याचे बाबा म्हणजे माझे सासरे, मामाजी, आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवत होते. आमचा वर्धा जिल्हा म्हणजे हाताने काम करत शिकण्याचं माहेर. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण, ती नई तालीम, देशापुढे आली. मामाजी त्यानंतर दहा वर्षांनी जन्मले, पण ती परिषद आपल्यासाठीच भरली होती असं ते मानतात. त्यांची एकच इच्छा होती, मुलाने रंधा हातात धरावा. मुलाने आठवीत पटाशीने बोट कापून घेतलं आणि सरळ कॉम्प्युटरकडे पळाला. तो अमेरिकेला गेल्यापासून बापलेकांचं फोनवरचं बोलणं मला पाठ होतं.

"जेवला?"

"हो बाबा."

"थंडी आहे?"

"हो बाबा."

"मायकडे देतो."

एवढं बोलून फोन सासूबाईंकडे जायचा तो पाऊण तास परत यायचा नाही. वर्षानुवर्षं हेच. भांडण नव्हतं, नुसतं बोलायला काही उरलं नव्हतं. त्यात गेल्या दोन-तीन वर्षांत मामाजींचे हात कापायला लागले. रंधा कपाटात गेला. त्यांच्या घरी गेलं की ते खिडकीत बसलेले दिसत आणि हात मांडीखाली धरलेले असत.

मी हिंगणघाटला जाऊन त्यांच्यापुढे सगळं मांडलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, लाकूड कोणतं घेते म्हणे तो?"

"ॲश."

"म्हणजे?"

"ॲश नावाचं झाड असतं तिकडे. हॉकीच्या काठ्या करतात त्याच्या."

"लाकडाची राख होते हे मले माहीत होतं," मामाजी म्हणाले. "राखेचं लाकूड पहिल्यांदाच ऐकून राहिलो. लावा फोन."

त्या रविवारपासून दर रविवारी तासभर व्हिडिओ कॉल सुरू झाला. इकडे सकाळ, तिकडे शनिवारची रात्र. मेहुणा गॅरेजमध्ये फोन टेकवून काम करी आणि मामाजी नाकाशी फोन धरून शाळा घेत. मी मधे कारकून, नेहमीप्रमाणे.

पहिल्या दिवशी त्याने जुने काठ काढले. रिव्हेट एकेक करून ड्रिलने पोखरायचे. पण मामाजींनी आधीच बजावलं, "मधल्या आडव्या पट्ट्यांचं माप लिहून घे बे, मग काढ." काठ निघाल्यावर कळलं कशासाठी. काठ गेलेली होडी वाळत घातलेल्या पापडासारखी मनाला येईल तशी वाकू लागली. मापं लिहिलेली नसती तर परत बसवताना कनूची परात झाली असती.

दुसरी पंचाईत लांबीची. सोळा फूट होडीला सलग सोळा फूट पट्टी हवी, तीही गाठीविना. दुकानात मिळाल्या आठ-दहा फुटी. मग दोन पट्ट्यांचा तिरपा सांधा. टोकं लांब उताराने तासायची, एक इंच जाडीला आठ इंच उतार, आणि एकमेकांवर सरसाने चिकटवायची. आंब्याला कलम करतात तशी. इथे मेहुणा तीनदा चुकला. मामाजी ओरडले, "अबे, रंधा उलटा धरला तू! रेषेच्या विरुद्ध ओढतं का कोणी? लाकूड काय म्हणते ते आईक ना आधी!" तीस-बत्तीस वर्षांनी त्यांनी मुलाला रागावलं असेल. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मेहुण्याने तिकडून रंधा फिरवून धरला आणि फोनमधूनही ऐकू येईल असा, लांब, एकसलग छिलका निघाला. मामाजी गप्प झाले. मग म्हणाले, "हां."

त्या "हां"ची किंमत कुठल्या खात्यात लिहायची हे मला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी होडीच्या कडेला दोन्हीकडून लावून, दर विताला शिकंजा आवळत, हळूहळू वळवून बसवली. होडीचं अंग मधे, लाकूड दोन्ही बाजूंना, करंजीच्या कडेसारखं. मग स्क्रू. मग तेल. तेल कोणतं? जवसाचं, उकळून पक्कं केलेलं. हे ऐकल्यावर सासूबाईंनाही विषयात रस आला, कारण विदर्भात जवस म्हणजे घरचा माणूस. "चटणी करून उरलं ते लावतात का?" असं त्यांनी विचारलं. मामाजींनी मात्र गंभीर सूचना दिली, की तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नको, पाण्यात भिजवून ठेव, नाहीतर आपोआप पेट घेतात. मला हे खोटं वाटलं. चौकशी केली तर अगदी खरं निघालं. जवसाचं तेल वाळताना तापतं. माणसांतही हा गुण आढळतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मेहुण्याला तिथल्या जुन्या होडीवाल्यांनी सांगितली. मिनेसोटाच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो. थंडीत प्लॅस्टिकचं अंग पुष्कळ आकसतं, लाकडी काठ लांबीला जवळजवळ आकसत नाही. दोघांना स्क्रूंनी घट्ट बांधून ठेवलं तर प्लॅस्टिक स्क्रूच्या भोकांपासून तडकतं. म्हणून थंडी पडायच्या आधी स्क्रू सैल करायचे आणि उन्हाळा आला की पुन्हा आवळायचे. हे ऐकून मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. फोन बंद झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपण कधी सैल केले नाही."

मी वाणिज्याचा पदवीधर असल्यामुळे इतक्या लवकर भारावून जात नाही. मी हिशेब मांडला. ॲशच्या फळ्या, पितळी स्क्रू, सरस, तेल आणि सहा रविवार. एवढ्या खर्चात प्लॅस्टिकचे काठ दोनदा आले असते. घसारा काढण्याच्या कुठल्याही पद्धतीने हा व्यवहार बसत नव्हता. पण मला अचानक जे. सी. कुमारप्पा आठवले. ते आमच्याच धंद्यातले, लंडनला हिशेबनिसी शिकलेले. पुढे सूट उतरवून ते वर्ध्याच्या मगनवाडीत आले आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम त्यांनी पाहिलं. १९४५ च्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात त्यांनी जगातल्या संपत्तीचे दोन भाग केले. खनिजं, तेल ही साठ्यातली संपत्ती, वापरली की संपली. लाकूड ही वाहती संपत्ती, लावलं की पुन्हा येते. बँकेच्या भाषेत पहिलं मुद्दल आणि दुसरं व्याज. प्लॅस्टिक येतं खनिज तेलातून, म्हणजे मुद्दल मोडून. लाकूड म्हणजे व्याजावर भागवणं. आणि मुदत ठेव मोडून घरखर्च चालवणाऱ्या खातेदाराकडे आम्ही काउंटरच्या आतून कोणत्या नजरेने बघतो, ते मलाच ठाऊक आहे.

अर्थात प्लॅस्टिकची निंदानालस्ती करायची तर ती होडीही प्लॅस्टिकचीच आहे, आणि खडकांत तिचं अंग टिकलं म्हणून तर नवे काठ लावता आले. मेहुण्याने प्लॅस्टिक फेकून दिलं नाही, त्याला लाकडाचा शेजार दिला. हीच वाट गोव्यात मोठ्या प्रमाणावर चालून झाली आहे. तिथल्या रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत फायबरच्या बोटी होत. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'म्हादेई' त्यांनीच बांधली, आत लाकूड आणि वर फायबर अशी. त्याच दांडेकरांनी पुढे अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून पाचव्या शतकातल्यासारखं जहाज बांधलं. संपूर्ण लाकडी, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली हे शिवणकाम झालं. 'कौंडिण्य' नावाचं हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं आणि त्या वर्षाच्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. ओजिब्व्यांची मुळीची शिवण, दांडेकरांची काथ्याची शिवण आणि आमच्या सौभाग्यवतीची काठाची शिवण, तिन्ही एकाच घराण्यातल्या.

मे महिन्यात मेहुण्याने होडी किटली नदीत सोडली. त्याच्या मित्राने व्हिडिओ काढला. मामाजींनी तो अकरा वेळा पाहिला. एका खडकाला होडी कडेने घासली, काठ थोडा सोलला. मी "अरेरे" म्हणालो. मामाजी खुशीत म्हणाले, "होऊ द्या. रंध्याचे दोन हात मारले का झालं." आता रविवारी फोन आला की तो सासूबाईंपर्यंत पोचतच नाही. त्यांची तक्रार आहे. अर्थात ती त्या हसत करतात.

दिवाळीत मेहुणा आला तेव्हा बॅगेतून ॲशची उरलेली दोन फुटी पट्टी घेऊन आला. विमानतळावर तिला काय म्हणून दाखवलं, देव जाणे. मामाजींनी ती हातात घेतली, वास घेतला, नखाने रेषा पाहिली आणि मला म्हणाले, "तुमची ती खुर्ची आहे का अजून?"

होती. एकहाती खुर्ची टाकवत नव्हती आणि बसवतही नव्हतं. मामाजींनी कपाटातून रंधा काढला. क्षणभर स्वतः धरला, हात कापला, आणि त्यांनी तो मुलाकडे न देता माझ्याकडे दिला. "त्याले आता येते," म्हणाले. "तुम्ही शिका."

मग ओट्यावर बापलेक दोन बाजूंना बसले आणि मधे मी, वय वर्षे शेहेचाळीस, जन्मात पहिल्यांदा लाकूड तासत होतो. पहिल्याच हाताला दोघे एकदम ओरडले, "उलटा धरला!"

हे सगळं मी त्याच खुर्चीत बसून लिहितोय. खुर्ची प्लॅस्टिकची, उजवा हात लाकडी, जवसाचं तेल पाजलेला, जरासा वाकडा. जामच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिक फुगतं म्हणून मामाजींनी स्क्रूची भोकं लांबट पाडून घेतली आहेत आणि मला तारीख नेमून दिली आहे. एक मार्चला स्क्रू थोडे सैल करायचे, पाऊस पडला की आवळायचे. मार्चात मला वेळ नसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.